कोरड्या वर्षांत होडी कुठे होती?

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात माकणीजवळ तेरणा नदी अडवलेली आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचा उपयुक्त साठा सुमारे ९१ दशलक्ष घनमीटर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला आणि या जलाशयाचे नाव देशभरच्या भूकंपशास्त्रज्ञांच्या तोंडी आले. धरणातल्या पाण्याचा भूकंपाशी संबंध असावा का, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. काठावरच्या माणसांच्या लेखी मात्र हे पाणी पिण्याचे, उसाचे आणि मासळीचे. कटला, रोहू, मृगळ, चिलापी, मरळ असा माल देणाऱ्या जलाशयावर होडीशिवाय चालत नाही. कारण मासळी काठावर थांबत नाही, ती खोल पाण्यात जाते आणि जाळेही तिथेच लावावे लागते.

नवी होडी घेण्याची ऐपत थोड्यांची. बाकीचे जुनी शोधतात. उजनीच्या काठावर कोणाकडे विकायला आहे का, जायकवाडीच्या नाथसागरावर कोणी मासेमारी सोडली का, कोकणात एखादी फायबरची होडी निघाली का, अशी विचारपूस सुरू होते. गिऱ्हाईक आधी दोन प्रश्न विचारते: होडी किती वर्षांची, आणि किती चालली? मोटारसायकल घेताना हे प्रश्न बरोबर आहेत. मराठवाड्यात होडी घेताना त्यांच्याइतकाच, किंबहुना त्यांच्याहून महत्त्वाचा एक तिसरा प्रश्न आहे: धरण कोरडे होते त्या वर्षांत ही होडी कुठे आणि कशी पडून होती?

इथले पाणी दरवर्षी येतेच असे नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते आणि जायकवाडीचा साठा मृतसाठ्यात गेला होता. २०१९ चा उन्हाळा असाच गेला, २०२४ चाही. अशा प्रत्येक वर्षी शेकडो होड्या भेगाळलेल्या गाळावर उघड्या पडतात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, वरून ऊन आणि खालून तापलेली जमीन. दोन हंगाम रोज पाण्यात फिरलेली होडी जेवढी झिजत नाही, तेवढी अशा एका उन्हाळ्यात खराब होते. म्हणून ‘फार वापरलेलीच नाही’ असे विकणारा अभिमानाने सांगू लागला की घेणाऱ्याने सावध व्हावे. न वापरलेली होडी कोणी जपली होती का, हे पाहिल्याशिवाय तिचे मोल ठरत नाही.

जपलेली होडी ओळखू येते. ती मातीवर टेकलेली नसते. लाकडी ठोकळ्यांवर पालथी घातलेली असते, वर पत्र्याचे किंवा पाचटाचे छप्पर असते, निदान झाडाची सावली असते. इंजिन काढून घरात उभे टांगलेले असते आणि टाकीतले तेल उपसलेले असते. दोर गुंडाळलेला, वल्ही भिंतीला. अशा मालकाची होडी दहा वर्षांची असली तरी पाहायला जाण्यासारखी असते. उघड्यावर सुलटी पडलेली, पावसाचे पाणी साचून आत शेवाळ धरलेली होडी तीन वर्षांची असली तरी तिच्यासाठी गाडीभाडे खर्च करू नये.

मोठ्या पाण्याला कोणती होडी लागते, हे ठरल्याशिवाय मात्र जुनी-नवी या चर्चेला अर्थ नाही. पाझर तलावावर थर्माकोलचा तराफाही भागवून नेतो. मोठा जलाशय वेगळा, कारण तिथे वाऱ्याला मोकळी धाव मिळते. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा चार-पाच किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून वाहत राहिला तर साधारण अर्ध्या मीटरची लाट उठते. तोच वारा वीस किलोमीटरवरून दोन-तीन तास आला तर लाट मीटरभराच्या जवळ जाते. नाथसागराचे पाणी भरले की सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरते, तिथे एवढी धाव सहज मिळते. शिवाय ही समुद्रासारखी लांब, सावकाश लाट नसते. दर तीन-चार सेकंदांनी येणारी, आखूड आणि उभी लाट असते. एकीवरून होडी खाली उतरेपर्यंत दुसरी पुढच्या नाळेवर आदळते. अमेरिका-कॅनडाच्या सरहद्दीवरचे ईरी सरोवर सरासरी १९ मीटरच खोल आहे, आणि अशाच आखूड उभ्या लाटांसाठी तिथले होडीवाले त्याला वचकून असतात.

वचकून राहण्याचे कारण आपल्याकडेही आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले होती. धरणाचा साठा त्या वेळी उणे होता, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्या पातळीखाली गेले होते. वळवाचे वारे सांगून येत नाहीत, आणि पाणी आटले म्हणून जलाशय निरुपद्रवी होत नाही. होडी पाहायला जाणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवून जावे.

पाण्याचा हिशेब साधा आहे आणि तो काठावर उभ्या उभ्या करता येतो. वीस फूट लांब आणि पाच फूट रुंद होडीने पाण्यावर व्यापलेली जागा साधारण सहा चौरस मीटर भरते. याचा अर्थ, दर साठ किलो वजनामागे ती एक सेंटिमीटर खाली बसते. दोन माणसे, ओली जाळी, बर्फाचा खोका, इंजिन आणि दोनशे किलो मासळी असे धरले तर वजन सहज पाचशे-साडेपाचशे किलोंवर जाते आणि होडी आठ-नऊ सेंटिमीटर उतरते. एवढे चालते. पण लाट होडीच्या काठावरून आत आली आणि तळाशी फक्त दहा सेंटिमीटर पाणी साचले, तर तेच पाणी पाचशे किलोंच्या आसपास भरते. शिवाय ते जागेवर थांबत नाही. होडी कलली की त्याच बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. म्हणून मोठ्या पाण्यासाठी होडी घेताना लांबीपेक्षा काठाची उंची आधी मोजावी. पूर्ण ओझे भरल्यावर काठ पाण्याच्या वर किती उरतो, हा आकडा विकणाऱ्याच्या बोलण्यावर सोडू नये. माणसे बसवावीत, पाण्याचे भरलेले ड्रम ठेवावेत आणि टेपने मोजावे.

आपल्या पाण्यावर वजनाची बाजू आणखी एका कारणाने महत्त्वाची ठरते. पाणी आटू लागले की काठ रोज मागे सरकतो आणि मध्ये काळ्या चिकट गाळाचा पट्टा वाढत जातो. होडी रोज त्यातून ढकलत न्यायची असते. किनारपट्टीवरची जाड, जड फायबरची होडी लाटांत भक्कम असते, पण मार्च-एप्रिलमध्ये दोन माणसांना ती गाळातून हलत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली अशी होडी मग खोल जागी नांगरून ठेवावी लागते, आणि रात्रीच्या वाऱ्यात तिची काळजी सुरू होते.

जुनी होडी कुठून येते, यावर तिचे दुखणे बरेचसे अवलंबून असते. उजनीच्या बाजूची होडी असेल तर एक चौकशी टाळताच येत नाही: ती वाळूत होती का? भीमेच्या पात्रात आणि उजनीच्या फुगवट्यात वाळूउपशाच्या फायबर आणि सक्शन बोटी महसूल खात्याने अनेकदा पकडल्या आहेत, जिलेटीन लावून उडवल्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली अशी साधने सरकारजमा होऊ शकतात. जी बोट वाचते ती रंग मारून ‘मासेमारीची होडी’ म्हणून विकायला निघू शकते. वाळूची होडी तिच्या तळावरून कळते. आतला तळ खरवडलेला असतो, पंप बसवण्यासाठी पाडलेली आणि नंतर बुजवलेली भोके दिसतात, बाजू बाहेर फुगलेल्या असतात. मासळीच्या होडीला एवढे ओझे कधी पडतच नाही. अशी होडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. तिचा सांगाडा थकलेला असतो, आणि तिच्या मागे एखादी पंचनाम्याची नोंद असेल तर ती नव्या मालकाच्या दारात येते.

समुद्रावरून आलेल्या होडीत फायबरला खाऱ्या पाण्याचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो लोखंडी बोल्टांना, खिळ्यांना आणि इंजिनाला. प्रत्येक बोल्टाचे डोके खरवडून पाहावे. डोके शाबूत आणि आतली दांडी सुतासारखी बारीक झालेली, हा प्रकार नेहमीचा.

आता होडी पालथी घालायची. इथे घाई करू नये, आणि मालक पालथी घालायला कुरकुरत असेल तर तिथेच नमस्कार करून परतावे. मराठवाड्यातल्या आणि आसपासच्या जलाशयांच्या पोटात गावे आहेत. पडक्या भिंती, बाभळीचे बुंधे, विहिरींचे कठडे सगळे पाण्याखाली असते. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर वर येते आणि लोक पाहायला गर्दी करतात. पाणी भरलेले असते तेव्हा तोच दगड होडीच्या बुडाखाली असतो. त्यामुळे इथल्या प्रत्येक जुन्या होडीच्या कण्यावर ठोकरीच्या खुणा सापडतात. खूण असणे हा दोष नाही. ती कोणी आणि कशी बुजवली, हे पाहायचे.

फायबरची होडी वाजवून पाहावी. माकणीच्या वर, याच तेरणेच्या काठी तेर आहे, जिथे गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कच्चे मडके कोणते ते सांगितले. होडीची परीक्षा तशीच असते. रुपयाचे नाणे किंवा लाकडी मूठ घेऊन बुडावर वीत-वीत अंतराने टकटक करत जायचे. नीट थरांत टणटणीत आवाज येतो. काचेच्या धाग्यांचे थर आतून सुटले असतील, पाणी शिरले असेल, तर आवाज बद्द होतो. बद्द पट्टा तळहाताएवढा असेल तर दुरुस्ती होते: खराब थर घासून काढायचा, पूर्ण वाळवायचा आणि नव्याने मॅट-रेझिन चढवायचे. पट्टा हातभर लांब असेल तर त्या होडीवर पैसे घालू नयेत. पृष्ठभागावरून तळहात फिरवला आणि पांढरी भुकटी लागली, तर वरचा थर उन्हाने जळला आहे. कोरड्या वर्षांचा पुरावा तो हाच. नुसती भुकटी असेल तर घासून रंगवता येते, मात्र भुकटीखाली धागे उघडे दिसत असतील तर पाणी आत पोचलेले असते. आडव्या फळ्यांच्या कोपऱ्यांत ताऱ्यासारख्या बारीक चिरा शोधाव्यात. त्या ठिकाणी होडी वाकत होती. आणि संपूर्ण बुडाला ताजा, चकचकीत रंग असेल तर तो कशासाठी दिला, हे विचारावे.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे इंजिन बसते ती मागची फळी. अनेक होड्यांत फायबरच्या आत प्लायवूड असते. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपते आणि बाहेरून काहीही न दिसता आतले लाकूड कुजते. तपासण्याची रीत साधी आहे. इंजिन बसलेले असताना त्याचे डोके धरून जोराने मागे-पुढे करावे आणि दुसऱ्याने फळीकडे पाहावे. फळी हलली, सांध्याशी चीर उघडली किंवा भोकातून तपकिरी पाणी आले, तर ती फळी बदलल्याशिवाय होडी मोठ्या पाण्यावर नेता येत नाही.

फायबरबद्दल आणखी एक गोष्ट. फायबर हलके दिसते, म्हणून ते तरंगते असा समज आहे. तो खरा नाही. काचेचे धागे आणि रेझिन मिळून पाण्यापेक्षा जड असतात. पाण्याने भरलेली फायबरची होडी तिच्यात हवाबंद कप्पे किंवा फोम असेल तरच वर राहते. जुन्या होडीत हे कप्पे फुटलेले, नाहीतर सामान ठेवण्यासाठी कापून उघडलेले असतात. फोम पाणी पिऊन जड झालेला असतो. बाकीच्या चाचण्यांत थोडेफार उन्नीस-बीस चालेल, कप्प्यांच्या बाबतीत चालू नये. उलटलेल्या होडीला धरून माणूस तासभर तग धरू शकतो. बुडालेल्या होडीला धरता येत नाही.

पत्र्याच्या होडीचे दुखणे पाण्याच्या रेषेवर असते. तिथे हवा आणि पाणी दोन्ही मिळतात, म्हणून गंज तिथे सगळ्यात आधी पोखरतो. छोट्या हातोडीने रेषेवरून ठोकत जावे. पातळ जागी आवाज बदलतो, कधी हातोडी आरपार जाते, आणि मालकाला वाईट वाटले तरी ते कळलेले बरे. साखर कारखान्यांत बॉयलरच्या नळ्यांची जाडी ध्वनिलहरींनी मोजणारे छोटे यंत्र वापरतात. धाराशिव-सोलापूर पट्ट्यात कारखाने भरपूर आहेत. ओळखीचा तंत्रज्ञ यंत्र घेऊन आला तर अर्ध्या तासात सगळ्या पत्र्याचा हिशेब हातात येतो.

लाकडी होडी आता कमी दिसते आणि नेमक्या तिच्याबद्दल उलट चूक होते. वर्ष-दोन वर्षे कोरडी राहिलेली लाकडी होडी पाण्यात घातली की गळते. घेणारा घाबरून परत जातो. खरे तर वाळून आकसलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगायला काही दिवस लागतात आणि मग सांधे आपोआप मिटतात. चार-पाच दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवूनही धार सुरूच राहिली, तेव्हा मात्र सांध्यांतला कापूस-राळ गेली आहे असे समजावे. लोखंडी खिळ्यांभोवती लाकूड काळे पडून मऊ झाले असेल, तर त्याला उपाय नाही. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून या प्रश्नांवर काम करते आहे. रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर फायबरचे आवरण चढवून टिकाऊ छोट्या होड्या बनवण्याचे प्रयोग तिने यशस्वी केले. आपल्या जलाशयांवर अशा संस्थेची माणसे अधिक वेळा यायला हवीत, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

इंजिनाचा भाव होडीपासून वेगळा करावा. दोन्ही मिळून एक रक्कम सांगणारा बहुधा एकाचे दुखणे दुसऱ्यात लपवत असतो. आउटबोर्ड इंजिन असेल तर ते थंड असताना स्वतः सुरू करावे. गिऱ्हाईक येण्याआधी तापवून ठेवलेले इंजिन एका ओढीत सुरू होते, त्यातून काही कळत नाही. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक पिचकारी सलग बाहेर पडते का, ते पाहावे. खालच्या गिअरचा स्क्रू सैल करून थोडे तेल काढावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. याचे कारण बहुतेक वेळा पंख्यात सापडते. मासेमारीच्या होडीत नायलॉनच्या जाळ्याचा धागा पंख्याच्या दांड्यावर गुंडाळला जातो आणि हळूहळू सील कापतो. पंखा काढला की धाग्याची कडक गुंडाळी दिसते. सील स्वस्त असते, वेळेवर न बदलल्याने गेलेला गिअर महाग पडतो. आणि ज्या मालकाने इंजिन तेलासकट तीन वर्षे टांगून ठेवले, त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये चिकट राळ जमलेली असणार हे धरूनच बोली लावावी.

यानंतर कागद, आणि इथे बहुतेक व्यवहार ढिले असतात. अमेरिकेत १९७२ पासून कारखान्यात बनलेल्या प्रत्येक होडीच्या मागच्या फळीवर बारा अक्षरी क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून बनवणारा आणि वर्ष कळते. आपल्या जलाशयांवरच्या गावठी वर्कशॉपमध्ये बनलेल्या होडीला असा जन्मदाखला नसतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय नौका कायदा आला आहे, पण काठावरचा व्यवहार अजून तोंडी आणि रोख चालतो. म्हणून मुद्रांकावर लिहून घ्यावे: विकणाऱ्याचे नाव-पत्ता, होडीची मापे, चारही बाजूंचे फोटो, इंजिनाचा क्रमांक आणि मूळ खरेदीचे बिल. बिल नसेल तर विकणारा ज्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेचा सभासद आहे, तिचे पत्र घ्यावे. संस्थेत विचारले की होडी वाळूत होती की जाळ्यात, याचेही उत्तर सहसा मिळते.

संस्थेचा प्रश्न घेणाऱ्यालाही लागू आहे. राज्यातल्या जलाशयांवर मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खाते देते, तो साधारण पाच वर्षांसाठी असतो आणि सहकारी संस्थांना त्यात प्राधान्य असते. ठेका कोणाकडे आहे, तो कधी संपतो आणि आपल्याला तिथे जाळे टाकता येते का, हे होडी घेण्याआधी विचारायचे असते. होडी दारात आणि ठेका दुसऱ्याकडे, अशी पाळी आलेला माणूस वर्षभर हप्ते फेडत राहतो.

सरकारी मदतीचा ओढा नव्या होडीकडे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान ठरवले गेले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. हे चांगलेच झाले. पण ज्याच्याकडे उरलेले ४० किंवा ६० टक्केही नाहीत, तो जुन्या होडीकडेच वळतो, आणि ती होडी सुरक्षित आहे का हे सांगणारा कोणी त्याच्या सोबतीला नसतो. प्रत्येक जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आठवड्यातून एक दिवस जुन्या होड्या तपासून देण्याची सोय झाली, तर तिचा खर्च एका नव्या होडीच्या अनुदानापेक्षा कमी येईल. कुगाव-कळाशीनंतर ही मागणी मोठ्या आवाजात व्हायला हवी होती.

पाहायला जायची वेळ मे-जूनची. जलाशय आटलेले असतात, होड्या काठावर असतात, आणि कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असल्याने तिथल्याही होड्या वर ओढलेल्या असतात. बूड पाहण्याची सोय मे-जूनइतकी पुन्हा नसते. मात्र पैसे तेव्हाच सगळे देऊ नयेत. विसार द्यावा आणि बाकीची रक्कम पाण्यातल्या चाचणीवर ठेवावी: पूर्ण ओझे भरून, एक रात्र पाण्यात ठेवून, सकाळी आत किती पाणी आले ते पाहून. होडी उजनीची असेल तर ही चाचणी तिथेच खोल डोहात करता येते. मग सोलापूरमार्गे नळदुर्गपर्यंत महामार्ग आणि पुढे लोहाऱ्याचा रस्ता. तेरणेला पाणी बहुधा परतीच्या पावसात येते, त्यामुळे जूनमध्ये घेतलेली होडी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत घरीच राहणार. तोवर ती नव्या मालकाने ठोकळ्यांवर, सावलीत, पालथी ठेवायची असते.